जिवाणू मुरघासात घालायचे की खुराकात? आणि मक्याच्या वाणाचं काय?

गोठ्याची वही

नमस्कार मंडळी. साठेक जनावरांचा गोठा आहे, त्यात निम्म्याहून जास्त दुभती. वर्षभर मक्याचा मुरघास, म्हणजे खड्ड्यात हवाबंद दाबून आंबवलेली हिरवी कुट्टी, चालतो. खड्डा उघडेपर्यंत सगळं छान असतं. उघडला की थोड्याच दिवसांत तोंडाचा थर तापायला लागतो. सकाळी ताडपत्री वर केली की वाफ निघताना दिसते. मनगटापर्यंत हात आत घातला तर चांगलंच गरम लागतं. वास आंबट कमी आणि दारूसारखा जास्त. मग कडेच्या भिंतीलगत पांढऱ्या बुरशीचे गोळे सापडायला लागतात. गायी हुंगून गव्हाणीत सोडून देतात, आणि दोन दिवसांत दुधात फरक दिसतो.

भरताना कल्चर फवारलं होतं. पाकिटावर लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टॅरम एवढं एकच नाव आहे. आता तिघांनी तीन सल्ले दिलेत. एक म्हणतो कल्चर बदला. दुसरा म्हणतो मुरघासाचं सोडा, खुराकात यीस्टचं प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवंत सूक्ष्मजीव) द्या, पोट सगळं सांभाळून घेईल. तिसऱ्याचं म्हणणं, मुळात वाणच चाऱ्याचा नाही, पुढच्या हंगामात बियाणं बदला. तिन्ही पाकिटांवर भाषा एकच: अमुक कोटी जिवाणू, जैवतंत्रज्ञान, जास्त दूध. मला यामागचं विज्ञान समजून घ्यायचंय. कोणता जिवाणू नेमकं कोणतं काम करतो? आणि पैसा एकाच ठिकाणी घालायचा असेल तर तो कुठे घालावा?

पेट्रीडिश

ताई, आधी मुरघास का तापतो ते सांगते, उपाय त्यातूनच निघतो.

खड्डा झाकल्यावर आत अडकलेला ऑक्सिजन कुट्टीतल्या जिवंत पेशी आणि हवेवर जगणारे सूक्ष्मजीव संपवून टाकतात. मग लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंचं राज्य येतं. ते मक्यातली साखर खातात, सामू (पीएच, जितका कमी तितकं आंबट) ४ च्या आसपास किंवा त्याखाली उतरतो आणि हालचाल थांबते. पण यीस्ट आत जिवंतच असतात. एवढं आम्ल त्यांना सहज सोसतं, हवा नसल्यामुळे ती फक्त वाढत नाहीत. तुम्ही ताडपत्री वर केली की हवा मिळते, आणि तुमचं लॅक्टिक आम्लच ती खायला लागतात. आम्ल संपत जातं, उष्णता बाहेर पडते, सामू चढतो, आणि चढलेल्या सामूवर बुरशी येते. आधी दारूचा वास, मग वाफ, मग पांढरे गोळे, हा तुम्ही लिहिलेला क्रम तंतोतंत तोच आहे.

आता तुमचं कल्चर. प्लॅन्टॅरम साखरेचं जवळपास सगळं लॅक्टिक आम्लच करतो. (२०२० मध्ये या घराण्याची शास्त्रीय नावं बदलली. नव्या पाकिटावर लॅक्टिप्लॅन्टिबॅसिलस दिसलं तर गोंधळू नका, जिवाणू तोच.) सामू झपाट्याने उतरतो, प्रथिनं वाचतात. लसूणघासासारख्या कमी साखरेच्या आणि सामू सहजी न उतरणाऱ्या चाऱ्यात हे फार मोलाचं काम आहे. मक्यात मात्र साखर पुरेशी असते, तो एरवीही चांगला आंबतो. मक्याची खरी अडचण उघडल्यानंतरची, आणि तिथे निव्वळ लॅक्टिक आम्ल कामाला येत नाही. यीस्टला रोखतं ते ॲसिटिक आम्ल, आणि प्लॅन्टॅरम ते फारसं करत नाही. म्हणून नुसत्या प्लॅन्टॅरमचा मुरघास उघडल्यावर कधी कधी बिनकल्चरच्या मुरघासापेक्षाही लवकर तापतो. प्रयोगांमध्ये हे अनेकदा दिसलेलं आहे. तुमच्या कल्चरने त्याचं काम चोख केलं असणार. तुम्हाला हवं होतं ते काम त्याचं नव्हतं, एवढंच.

ते काम लॅक्टोबॅसिलस बुकनेरीचं. हा जिवाणू तयार झालेलं लॅक्टिक आम्लच खातो आणि त्याचं ॲसिटिक आम्ल व प्रोपेनडायॉल करतो, तेही हवेशिवाय. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००१ मध्ये ही वाट सविस्तर दाखवली. मला हा शोध फार आवडतो, कारण त्याआधी ॲसिटिक आम्ल वाढलं की मुरघास बिघडला असंच समजलं जायचं. थोडं लॅक्टिक आम्ल गमावून उघडल्यानंतरचे दिवस कमवायचे, असा हा सौदा आहे. पण हा जिवाणू सावकाश चालतो. खड्डा दीड-दोन महिने बंद राहिला तरच त्याचा गुण दिसतो. तीन आठवड्यांत उघडणार असाल तर बुकनेरीवर खर्च करू नका.

मात्रेचा हिशोब घरी करता येतो. साधारण शिफारस एक ग्रॅम ओल्या कुट्टीला एक लाख जिवंत जिवाणूंची असते. म्हणजे एका टनाला दहा हजार कोटी. पावडरच्या एका ग्रॅममध्ये एक हजार कोटी असतील तर टनाला दहा ग्रॅम. पाकिटावर यापेक्षा फारच कमी मात्रा लिहिली असेल तर विक्रेत्याला हा हिशोब मांडून दाखवायला सांगा.

आणि 'जिवंत' या शब्दापाशी थांबा. पाकिटातले जिवाणू मोजणं हे माझं रोजचं काम. एक ग्रॅम पावडर घ्यायची, दहापट, पुन्हा दहापट असं पातळ करत जायचं, शेवटच्या नळीतला थेंब आगरच्या ताटलीवर काचेच्या कांडीने पसरायचा, ३७ अंशांना दोन दिवस ठेवायचं आणि उगवलेले पांढरट ठिपके मोजायचे. एकेक ठिपका म्हणजे सुरुवातीला जिवंत असलेला एक जिवाणू किंवा त्यांचा एक पुंजका. सीएफयू म्हणतात ते हेच. फ्रिजमध्ये ठेवलेल्या पाकिटाची आणि उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलेल्या पाकिटाची ताटली शेजारी शेजारी ठेवली की एकीवर ठिपके इतके दाट असतात की आणखी पातळ करावं लागतं, आणि दुसरी जवळजवळ कोरी. पाकिटावरचा आकडा मात्र दोन्हीकडे एकच. फवारणीच्या टाकीतही तेच होतं. क्लोरीनचं पाणी घातलं किंवा टाकी उन्हात तापून पस्तिशीच्या वर गेली की जिवाणू कुट्टीवर पडायच्या आधीच मरायला लागतात.

कोणतंही कल्चर दाबणीची जागा घेत नाही, हेही सांगायला हवं. ढिली दाबलेली कुट्टी म्हणजे आत हवेच्या वाटा. मका कापताना शुष्क पदार्थ, म्हणजे पाणी सोडून उरणारा भाग, ३० ते ३५ टक्के असावा. त्याहून वाळलेला मका दबतच नाही. उघडल्यावर रोज पूर्ण तोंडभर किमान १५ सेंटीमीटर थर निघाला पाहिजे, उन्हाळ्यात ३०. तुमच्या खड्ड्याचं तोंड जनावरांच्या मानाने रुंद आहे का ते बघा. असेल, तर यीस्टला रोज मोकळं मैदान मिळतंय.

रवंथ

पेट्रीडिश यांनी मुरघासाचं नेमकं सांगितलंय. मी पशुपोषणात काम करतो, तेव्हा यीस्टबद्दल माझ्याकडून.

'पोट सगळं सांभाळून घेईल' हे वाक्य मनातून काढून टाका. खुराकातलं जिवंत यीस्ट, म्हणजे सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी, कोटीपोटात, म्हणजे गायीच्या चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या पोटात, ठरावीक काम करतं. घासाबरोबर आणि पाण्याबरोबर थोडा ऑक्सिजन पोटात जातो, आणि तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना तो सोसत नाही. यीस्ट तो ऑक्सिजन शोषून घेतं. शिवाय लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या मेगास्फेरा एल्सडेनीसारख्या जिवाणूंना त्याची मदत होते, त्यामुळे खुराक जास्त झाल्यावर सामू एकदम कोसळत नाही.

संख्येच्या भव्यतेवर जाऊ नका. दिवसाला एक हजार कोटी यीस्ट दिली आणि कोटीपोट शंभर लिटरचं धरलं, तर दर मिलिलिटरला साधारण एक लाख पडतात. त्याच मिलिलिटरमध्ये आधीचे जिवाणू एक हजार कोटी किंवा त्याहून जास्त असतात. लाखात एक. ऑक्सिजन काढण्याच्या कामाला एवढी पुरतात, पण ती तिथे वस्ती करत नाहीत, पुढे वाहून जातात. म्हणून रोज द्यावी लागतात.

गुण किती येतो? २००९ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांवरचे बरेच प्रयोग एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात दुधात सरासरी वाढ मिळाली ती जनावराच्या दर किलो वजनामागे १.२ ग्रॅम. सहाशे किलोच्या गायीला दिवसाला पाऊण लिटरच्या आतबाहेर. कोटीपोटाचा सामू सरासरी ०.०३ ने वाढला. खुराक भरपूर आणि चारा कमी अशा गोठ्यात यीस्ट जास्त उपयोगी पडतं. परिणाम खरा आहे, पण तापलेल्या मुरघासावरचा उतारा म्हणून त्याच्याकडे बघू नका.

बुरशीचे गोळे मात्र आजपासून गव्हाणीत जाऊ देऊ नका. गोळा आणि त्याच्या भोवतीचा हातभर मुरघास काढून टाका. दाण्यात किंवा चाऱ्यात अफ्लाटॉक्सिन बी१ हे बुरशीचं विष असेल तर त्यातला साधारण १ ते ६ टक्के भाग एम१ या रूपात दुधात उतरतो, आणि दूध उकळून तो जात नाही. तुमच्या पांढऱ्या बुरशीत तो असेलच असं म्हणत नाही, डोळ्यांनी ते ठरवता येत नाही. नमुना तपासून घ्या.

खुराडं

मधेच विचारतो, माफ करा. माझ्याकडे कोंबड्या आहेत. यीस्ट, बुकनेरी वगैरे आमच्या कामाचं दिसत नाही. कोंबडीच्या खाद्यातल्या प्रोबायोटिकला काही आधार आहे का?

रवंथ

दादा, प्राण्यांमधल्या प्रोबायोटिकचा सगळ्यात भक्कम पाया कोंबडीचाच आहे. १९७३ मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी दाखवलं की नुकत्याच जन्मलेल्या पिलांना निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले सूक्ष्मजीव दिले, तर साल्मोनेला त्यांच्या आतड्यात सहजी रुजत नाही. यंत्रात उबवलेल्या पिलाला आईचा सहवास मिळत नाही, आतडं जवळजवळ मोकळं असतं, आणि मोकळ्या जागेत जो आधी जातो तो बसतो. म्हणून पहिले काही दिवस महत्त्वाचे. युरोपीय संघाने वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंद केलं, त्यानंतर या संशोधनाला आणखी जोर आला. गोळी खाद्य घेत असाल तर बॅसिलस सबटिलिससारखा बीजाणू (उष्णता सोसणारं, कवचातलं सुप्त रूप) करणारा जिवाणू बघा. गोळी बनवताना वाफेने खाद्य ८० अंशांच्या आसपास किंवा वर तापतं, त्यात साधे लॅक्टोबॅसिलस टिकत नाहीत, बीजाणू टिकतात.

कणीस

वाणाचा मुद्दा राहिला, तो मी घेतो. चारापिकांच्या पैदाशीत काम करतो, त्यामुळे माझा कल कुठे असेल ते समजून वाचा.

तापण्याचं आणि वाणाचं थेट नातं फार नाही, तिथे वरचे दोघे बरोबर आहेत. पण तुम्ही विचारलंय पैसा कुठे घालावा, म्हणून एक आकडा. ओबा आणि ॲलन या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेला हिशोब असा: चाऱ्यातल्या तंतूंची पचनीयता एका टक्क्याने वाढली की गाय दिवसाला ०.१७ किलो शुष्क पदार्थ जास्त खाते आणि चार टक्के फॅटचं दूध पाव किलो जास्त देते. म्हणजे रवंथ सरांनी यीस्टची जी सरासरी सांगितली, तेवढं दूध पचनीयतेच्या तीन टक्क्यांत निघतं. वाणावाणांतला आणि कापणीच्या वेळेतला फरक याहून मोठा असू शकतो. तपकिरी शिरेचा मका १९२० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटात सापडला. त्याच्या पानाची मधली शीर तपकिरी दिसते, कारण लिग्निन हा न पचणारा कडक पदार्थ तयार करणाऱ्या वाटेत एक जनुक अडलेलं असतं. लिग्निन कमी, म्हणून पचन जास्त. पण तेच लिग्निन ताटाला उभं ठेवतं, त्यामुळे उत्पादन कमी येतं आणि लोळण्याची भीती राहते. निवड करताना हे दोन्ही बाजूंनी तोलावं लागतं.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण जिवाणू एकीकडे आणि पीक दुसरीकडे अशी वाटणी आपण उगाच करतो. अमेरिकेत केंटकी-३१ नावाचं टॉल फेस्क्यू गवत १९४३ मध्ये प्रसारित झालं. चिवट, दुष्काळात टिकणारं, कीड न लागणारं. पण ते खाऊन गुरं खंगायची, उन्हाळ्यात धापा टाकायची, थंडीत खुरं आणि शेपटीची टोकं सडायची. १९७० च्या दशकात कळलं की गवताच्या आत एक बुरशी राहते, बाहेरून अजिबात न दिसणारी, आणि विष तीच तयार करते. मग बुरशी काढलेलं बियाणं आणलं. गुरं सुधारली, पण गवत दुष्काळात आणि किडीपुढे टिकेना, कारण त्याला चिवटपणा देणारी हीच बुरशी होती. शेवटी न्यूझीलंड आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच बुरशीचा गुरांना घातक विष न करणारा प्रकार शोधून गवतात बसवला. गवतही टिकलं, गुरंही. पिकाचा दर्जा म्हणतो तेव्हा त्यात पिकाच्या आत राहणारे हे सोबतीही येतात.

गोठ्याची वही

सगळ्यांचे मनापासून आभार. आज टेप लावून बघितलं. तोंड रुंद आहे हे खरं, रोजचा थर जेमतेम दहा सेंटीमीटर निघतो. पुढच्या वेळी दोन अरुंद खड्डे करायचं ठरवलंय. पेट्रीडिश ताई, दोनच प्रश्न. आत्ता उघडलेल्या खड्ड्याला वरून बुकनेरी फवारता येईल का? आणि यीस्ट रोज द्यावं लागतं, तर मग एकदाच देऊन कायमचा राहील असा जिवाणू शास्त्रज्ञ का शोधत नाहीत?

पेट्रीडिश

पहिल्याचं उत्तर नाही. त्याला बंद खड्डा आणि आठवडे लागतात, उघड्या तोंडावर त्याला दोन्ही मिळणार नाहीत. या खड्ड्यापुरतं तोंड सरळ उभं कापत जा, उकरून भुगा पाडू नका, आणि एका दिवसाला लागेल तेवढंच मोकळं करा.

दुसरा प्रश्न मला फार जवळचा आहे. असा जिवाणू शोधला गेलाय. सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, कोटीपोटात त्याचं डीएचपी हे दुसरं द्रव्य होतं, आणि त्याने गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजते. ऑस्ट्रेलियात गुरांना हा त्रास व्हायचा, पण हवाई बेटांवरच्या शेळ्या भरपूर सुबाभूळ खाऊन ठणठणीत होत्या. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाने तर्क केला की फरक शेळीत नसून तिच्या पोटातल्या जिवाणूंत आहे. तिथल्या शेळ्यांच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना दिले, आणि त्यांनाही डीएचपी पचायला लागलं. १९८६ मध्ये हे प्रसिद्ध झालं. १९९२ मध्ये त्या जिवाणूला सिनर्जिस्टिस जोन्सी असं नाव मिळालं.

तो टिकला, कारण त्याला रोज असं अन्न मिळत होतं जे पोटातल्या दुसऱ्या कुणाला खाता येत नव्हतं. तुमच्या गायीच्या कोटीपोटात लॅक्टिक आम्ल, साखर, तंतू या प्रत्येकावर आधीच कुणी ना कुणी बसलेलं आहे, आणि ते लाखो वर्षांपासून तिथे राहायला सरावलेले आहेत. बाहेरून आलेल्याला रिकामी जागा नाही. वरचं कोंबडीच्या पिलाचं उदाहरणही हेच सांगतं, तिथे जागा मोकळी होती म्हणून जमलं. त्यामुळे कुठलंही प्रोबायोटिक समोर आलं की मी आधी विचारते: याला तिथे खायला काय मिळणार, आणि ते आत्ता कोण खातंय? विक्रेत्याकडे याचं उत्तर असेल तर पुढे बोलायचं.

बाकी एक सुचवते. तोंडापासून वीतभर आत थर्मामीटर खुपसून रोज सकाळी नोंद ठेवा, आणि बाहेरच्या हवेचं तापमानही शेजारी लिहा. हवेपेक्षा दोन अंशांनी जास्त झालं की मुरघास बिघडायला लागला असं प्रयोगशाळेतही धरतात. नव्या खड्ड्यात बुकनेरी वापरणार असाल तर एकच खड्डा त्याचा करा, दुसरा बिनकल्चरचा ठेवा, दोन्हीकडे मका एकाच शेतातला आणि दाबणी सारखी. दोन्हींच्या नोंदी इथे टाका. मोजणीसाठी नमुना पाठवायचा असेल तर हवा काढलेल्या पिशवीत, बर्फावर, आणि उघडल्याच्या त्याच दिवशी पाठवा. उशीर झाला तर ताटलीवर वाटेत वाढलेली यीस्ट उगवतील, तुमच्या खड्ड्यातली नव्हे.